शाळेला दिलेले पुस्तक : एका परंपरेचा मागोवा

सुवर्णमहोत्सवी वर्षाचे कार्यक्रम ठरविण्यासाठी आमच्या मंडळाची जी पहिली बैठक भरली, तीत खरड परिसरातील शाळांना पुस्तके भेट द्यावीत ही सूचना कोणत्याही चर्चेवाचून मान्य झाली. हेतू चांगला, खर्च बेताचा आणि विरोधाला कारण नाही. मग चर्चा कशासाठी? सभासदांनी घरोघरची पुस्तके आणून द्यावीत असे आवाहन केले आणि महिनाभरात मंडळाच्या कपाटापुढे खोक्यांची रास लागली. पुढे एका रविवारी ती खोकी उघडली. आत काय होते? कधीच्या काळी होऊन गेलेल्या परीक्षांची मार्गदर्शके, दिवाळी अंकांचे गठ्ठे, पाने सुटलेल्या कादंबऱ्या आणि कोणी कधी न उघडलेले स्मृतिग्रंथ. त्यांतील बहुतेक पुस्तके मराठी. आणि ज्या शाळांना ती द्यावयाची, तेथील मुले गुरुमुखी व हिंदी वाचणारी! आमच्या एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी तेव्हा शांतपणे विचारले, "आपण पुस्तके देतो आहोत, की घर आवरतो आहोत?"

ह्या प्रश्नाने आम्ही ओशाळलो हे येथे कबूल केले पाहिजे. प्रस्तुत लेख त्या ओशाळलेपणातून जन्मला आहे. शाळेला पुस्तक देणे म्हणजे नेमके काय, आमच्या आधी हे काम कोणी व कसे केले, आणि दिलेल्या पुस्तकाने खरोखर एखाद्या मुलाचे काही भले झाल्याचा दाखला आहे काय, हे शोधून पाहावे असे आम्ही ठरविले. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी ज्या भूमीत आम्ही बसलो आहोत तिच्याविषयी दोन शब्द. चंदीगड हे नगर आज सर्वांच्या ओठी असले, तरी ते ज्या भूमीवर उभे राहिले ती त्या काळच्या अंबाला जिल्ह्यातील खरड तहसिलीची भूमी होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९६६ च्या पुनर्रचनेनंतर खरड पंजाबात राहिले आणि रोपड जिल्ह्यात गेले. २००६ पासून ते साहिबजादा अजितसिंग नगर, म्हणजे मोहाली जिल्ह्यात आहे. चंदीगड-मोहालीतील संस्थांत आणि कारखान्यांत नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे घरभाड्याचा विचार करून खरडकडे सरकली. तिकडे सांगली-सातारा भागातून सोन्याचांदीच्या गलाईसाठी पंजाबच्या शहरोशहरी विखुरलेली कुटुंबे आहेतच. ह्या सर्वांची मुले येथल्या शाळांत शिकली. त्यांच्या वाचनपुस्तकांत आजी होती, पण नऊवारीतली नव्हती. सण होते, पण त्यांत पोळा नव्हता. मुले ह्याविषयी काही बोलली नाहीत. मुले अशा गोष्टी बोलून दाखवीत नाहीत. आपले घर हे पुस्तकात येण्याजोगे नसावे, एवढाच निष्कर्ष ती मनाशी काढतात. आज खरडच्या सरकारी शाळांत बिहार-उत्तर प्रदेशातून बांधकामावर आलेल्या मजुरांची मुले बसतात. आमच्या मुलांनी जे सोसले त्याहून कितीतरी अधिक ती सोसत असतील.

महाराष्ट्रात शालेय पुस्तकांचा इतिहास जुना आहे. एल्फिन्स्टनच्या प्रोत्साहनाने १८२० नंतरच्या दशकात मुंबईत शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली आणि मराठीत छापील पाठ्यपुस्तके होऊ लागली. पुढे मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेली क्रमिक पुस्तके कित्येक पिढ्यांनी वाचली. त्या मंडळींचे ऋण मोठे आहे. तथापि त्या पुस्तकांचे कर्ते एका विशिष्ट समाजातले होते, आणि त्यांच्या डोळ्यांपुढचा विद्यार्थीही बहुधा त्याच समाजातला होता. नांगर धरणारा, चामडे कमावणारा, गावकुसाबाहेर राहणारा मुलगा हे पुस्तक कधी हाती घेईल, अशी कल्पनाच त्यांना नसावी.

ती कल्पना पुण्यात प्रथम कृतीत आली. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, आणि पुढील काही वर्षांत अस्पृश्य मानलेल्या मुलांमुलींसाठी शाळा उघडल्या. त्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मातंग समाजातील मुलीचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. मांग-महारांच्या दुःखाविषयी त्या समाजातल्याच मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेला हा निबंध म्हणजे मराठी गद्यातील एक मोठी घटना होय. तोवर ज्यांच्याविषयी इतर लोक लिहीत, त्यांतली एक मुलगी आता स्वतः लिहू लागली होती. त्याच शाळांच्या संदर्भात एक आठवण सांगितली जाते. समारंभात एका मुलीला बक्षीस देण्यात येत असता ती म्हणाली की आम्हांला खाऊ-खेळणी नकोत, आमच्या शाळेला ग्रंथसंग्रह हवा. ह्या आठवणीत मुलीचे नाव निरनिराळे सांगितले जाते. पण तिने काय मागितले ह्याविषयी एकवाक्यता आहे. मागणी दात्याच्या मनातून आलेली नव्हती, ती वाचणाराच्या तोंडून आली होती. आमच्या खोक्यांच्या राशीपुढे बसून आम्हांस ती मुलगी वारंवार आठवली.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनातील दुसरी एक मागणी मात्र फारशी सांगितली जात नाही. चालू पाठ्यपुस्तके व्यवहारोपयोगी आणि प्रगतिशील नाहीत, म्हणून ती नव्याने रचावीत असे त्यांनी स्पष्ट म्हटले. शेतीचे ज्ञान, आरोग्याचे नियम, हिशेब, मोडी व बालबोध लेखन यांचा आग्रह धरला. शेतकऱ्याच्या मुलाला पुस्तकात त्याची शेती दिसली पाहिजे, असा त्याचा साधा अर्थ. तीन वर्षांनी, १८८५ साली, मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण त्यांना आले तेव्हा त्यांनी ते नाकारले. जे सर्वांचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. पत्राची भाषा कठोर आहे. परंतु आपण ज्यांत कोठेच नाही अशा साहित्याचे कौतुक करण्यासाठी जो मनुष्य बोलाविला जातो, त्याने मृदू भाषा वापरावी ही अपेक्षा कोणी करावी?

पुस्तक लिहिले जाणे ही एक गोष्ट आणि ते मुलापर्यंत पोहोचणे ही दुसरी. ह्या दुसऱ्या बाबतीत आपल्याकडे सर्वांत मोठे काम बडोद्यास झाले. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध राज्याला लागू केला. लिहायला-वाचायला शिकलेला मुलगा शाळा सोडल्यावर पुस्तकाअभावी पुन्हा निरक्षर होतो, हे महाराजांच्या ध्यानी आले होते. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला पाचारण केले आणि राज्यात ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी निराळा विभाग करण्यात आला. ज्या गावी ग्रंथालय नव्हते त्या गावी लाकडी पेट्यांतून पुस्तके जात, ठरावीक मुदतीने पेटी परत येई आणि तिच्या जागी दुसरी जाई. ह्या फिरत्या ग्रंथालयांचे महत्त्व असे की, पेटीत काय भरावे ह्याचा विचार करणारे माणूस तेथे नेमलेले होते. घरात नको झालेले तेथे भरले जात नव्हते.

ह्याच सुमारास आमच्या ह्या पंजाबातही तसाच प्रयत्न झाला, हे नमूद करण्यास आम्हांस आनंद वाटतो. १९१५ साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठाने एसा डॉन डिकिन्सन या अमेरिकन ग्रंथपालास बोलाविले. त्याने तेथे ग्रंथपालनाचा वर्ग चालविला आणि पंजाबातील ग्रंथपालांसाठी एक प्राथमिक पुस्तकही लिहिले. बडोदे आणि लाहोर ही दोन शहरे भारतीय ग्रंथालयांच्या इतिहासात अशी जवळजवळ उभी आहेत.

सयाजीरावांनी ग्रंथमालाही काढविल्या आणि लेखकांकडून मराठीत व गुजरातीत पुस्तके लिहवून घेतली. बडोद्याच्या अशा ग्रंथमालेसाठी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी गौतम बुद्धाचे मराठी चरित्र लिहिले. ह्या चरित्राच्या एका प्रतीची कथा म्हणजे आमच्या ह्या शोधाचा गाभा होय, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

केळुसकर हे मुंबईस विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. संध्याकाळी ते चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तेथे एक शाळकरी मुलगा रोज पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली, ओळख वाढविली आणि त्याला वाचावयास पुस्तके देऊ लागले. हा मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाला तेव्हा त्याच्या समाजातील मंडळींनी अभिनंदनाची सभा घेण्याचे ठरविले. चरित्रकार ही सभा मॅट्रिकनंतरची, १९०७ ची मानतात. स्वतः बाबासाहेबांनी ती इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतर झाल्याचे लिहिले आहे. वडील रामजी सुभेदार प्रथम राजी नव्हते. अशाने मुलगा हुरळून जाईल असे त्यांचे मत. तेव्हा मंडळी केळुसकरांकडे गेली, केळुसकरांनी रामजींची समजूत घातली आणि सभा झाली. सी. के. बोले अध्यक्षस्थानी होते असे चरित्रकार सांगतात. भाषणाच्या शेवटी केळुसकरांनी आपल्या बुद्धचरित्राची प्रत भीमरावाच्या हाती दिली.

पुढे जे घडले ते बाबासाहेबांनी १९५६ साली, 'द बुद्ध अँड हिज धम्म' ह्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगून ठेवले आहे. ती प्रस्तावना ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत आली नाही, नंतर प्रसिद्ध झाली. ते पुस्तक आपण मोठ्या आवडीने वाचले व त्याने आपण हलून गेलो असे ते लिहितात. मग त्यांनी वडिलांना विचारले की, आपण आम्हांला बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाहीत? ज्या महाभारत-रामायणात ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता वर्णिली आहे, तीच आमच्याकडून पुन्हा पुन्हा का वाचवून घेतलीत?

रामजींचे उत्तर मोठे विचार करण्याजोगे आहे. ते म्हणाले की, आपण अस्पृश्य. तुमच्या मनात न्यूनगंड शिरण्याची भीती आहे, तो जावा म्हणून मी हे वाचावयास लावतो. द्रोण आणि कर्ण पाहा, लहान माणसे केवढी मोठी झाली! वाल्मीकी कोळी होता, पण रामायणाचा कर्ता झाला. मुलाचे ह्या उत्तराने पुरते समाधान झाले नाही. महाभारतातील कोणतीही व्यक्ती आपल्या मनाला भिडली नाही, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे.

बाप-लेकांचा हा संवाद आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. त्यात कोणी चूक नाही. घरी जी पुस्तके होती त्यांतच आपल्यासारखा एखादा मनुष्य शोधून तो मुलापुढे ठेवण्याची धडपड बाप करीत होता. मुलाला तेवढे पुरेसे नव्हते. ज्यात आपल्याला कोपऱ्यातली जागा शोधावी लागणार नाही, अशा ग्रंथाची त्याला भूक होती. ती भूक भागविणारा ग्रंथ त्याच्या शाळेने दिला नाही, घराकडे तो नव्हता. एका शिक्षकाने मुलगा नीट पारखून तो त्याच्या हाती ठेवला. केळुसकरांचे साहाय्य एवढ्यावर थांबले नाही. त्यांच्याच प्रयत्नाने सयाजीरावांची शिष्यवृत्ती भीमरावास मिळाली, आणि १९१३ साली तो त्याच राजाश्रयाने अमेरिकेस गेला. ज्या दरबारच्या ग्रंथमालेतून ते पुस्तक निघाले, त्याच दरबाराने तो वाचक पुढे पाठविला. एका भेट-पुस्तकामुळे १९५६ चे धर्मांतर झाले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, आपल्या जीवनातील महत्त्वाच्या ग्रंथाची प्रस्तावना लिहिताना, त्या थोर पुरुषास शाळकरी वयात मिळालेल्या एका पुस्तकाची आठवण व्हावी, ह्याहून मोठा दाखला आम्हांस हवा कशाला?

बाबासाहेबांच्या मागून जी पिढी लिहू लागली तिने मराठी साहित्याचा चेहरा बदलला. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९), बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३), दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचा 'उपरा' (१९८०), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६), लक्ष्मण गायकवाडांचा 'उचल्या' (१९८७) अशी ही नामावली वाढत गेली. ज्यांच्या घरांना पुस्तकात प्रवेश नव्हता, त्यांनी आपली घरेच पुस्तकांत आणली. दुसऱ्या बाजूने, कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ पासून आदिवासी मुलांसाठी जी बालशिक्षणाची वाट पाडली, तीत मुलाच्या परिसरातील पाने, बिया, गाणी हेच पहिले पुस्तक मानले गेले.

साने गुरुजींनी ह्याला आणखी एक परिमाण दिले. १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. एका प्रांताने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, त्याचे साहित्य आपल्या भाषेत आणावे, माणसांनी माणसांना ओळखावे, ही ती कल्पना. गुरुजी वर्षभरात गेले. पण त्यांनी मांडलेल्या ह्या गरजेचा काही भाग १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने पुढे भागविला. त्याच्या नेहरू बाल पुस्तकालयात एकच चित्रमय पुस्तक अनेक भारतीय भाषांत निघते. म्हणजे साताऱ्याचा मुलगा मराठीत आणि खरडची मुलगी पंजाबीत तीच गोष्ट वाचू शकते. आमच्यासारख्या परप्रांतातील मंडळाला ह्याहून सोयीचे साधन दुसरे नाही.

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा आहे असेही नाही. १९६५ साली अमेरिकेत नॅन्सी लॅरिक या विदुषीने तीन वर्षांत निघालेल्या पाच हजारांहून अधिक बालपुस्तकांची पाहणी केली. त्यांपैकी अवघ्या ६.७ टक्के पुस्तकांत एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र होते. त्या देशात लक्षावधी कृष्णवर्णीय मुले शाळेत जात असता ही स्थिती! पुढे १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप या प्राध्यापिकेने म्हटले की, पुस्तक हे मुलाला कधी आरसा असते, कधी खिडकी. ह्या म्हणण्याचे मर्म असे की, ज्याला नुसता आरसा मिळतो तो आत्मसंतुष्ट होतो, आणि ज्याला नुसती खिडकी मिळते तो आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात डोकावीत राहतो. प्रत्येक मुलाला दोन्ही हवीत.

पंजाबच्या भूमीला हे नव्याने शिकविण्याची गरज नाही. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी जो आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात शिंपी नामदेव, विणकर कबीर, चर्मकार रविदास, न्हावी सैन, जाट धन्ना आणि सूफी शेख फरीद एकाच वेष्टनात शेजारी शेजारी बसले आहेत. नामदेवांची ६१ पदे त्यात आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, तेव्हा आमच्यापैकी अनेकांचा ऊर भरून आला. आमच्या मुलांना शाळेच्या पुस्तकात आपली आजी सापडली नाही. पण पहाटे गुरुद्वाऱ्याच्या ध्वनिक्षेपकावरून 'भगत नामदेव' हे नाव ऐकू येई, तेव्हा त्यांची मान किंचित वर होत असे. कोणाच्या तरी ग्रंथात आपले माणूस असणे म्हणजे काय, हे आम्ही अनुभवाने जाणतो.

आता पुन्हा त्या खोक्यांकडे वळू. मंडळाने ती शाळांना दिली नाहीत. त्यांतील वाचनीय मराठी पुस्तके मंडळाच्या कपाटात ठेवली आणि बाकीची रद्दीत घातली. मग आमच्यातील दोघी-तिघी जवळच्या शाळेत गेल्या आणि तेथील बाईंना काय हवे हे प्रथमच विचारले. बाई म्हणाल्या, "कितीतरी मुले घरी भोजपुरी बोलतात, त्यांना सोपे हिंदी हवे. पंजाबी तर हवेच. आणि एक विनंती, पुस्तके चांगली असली तरी ती कपाटात बंद होतील अशी देऊ नका. महागड्या पुस्तकांना आम्हीच कुलूप लावतो. फाटले तर जबाबदारी आमची." ही शेवटची गोष्ट आमच्या मनात कधी आली नव्हती. देणाऱ्याने पुस्तक फाटण्याची परवानगीही सोबत दिली पाहिजे!

त्यानुसार मंडळाने यादी केली आहे. तीत पंजाबी व हिंदी चित्रपुस्तके आहेत. मजुराच्या, मच्छीमाराच्या, आदिवासी पाड्यावरच्या, चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलांच्या गोष्टी आहेत. नामदेव, रविदास, सावित्रीबाई, बाबासाहेब यांची छोटी चरित्रे आहेत. आणि महाराष्ट्राची ओळख करून देणारी थोडी पुस्तकेही आहेत, कारण आमच्या शेजाऱ्यांना आम्ही केवळ गणेशोत्सवापुरते दिसू नये असे आम्हांस वाटते. प्रत्येक पुस्तक देण्यापूर्वी मंडळातील कोणी तरी ते वाचलेले असावे आणि वर्षातून दोनदा शाळेत जाऊन मुलांबरोबर वाचावे, असा नियम केला आहे. यादी लहान आहे. समारंभात छायाचित्रासाठी मोठी रास दिसणार नाही, ह्याची खंत काही सभासदांना आहे, ती आम्ही समजू शकतो.

परंतु चर्नी रोडच्या बागेतील त्या शिक्षकाने रास दिली नव्हती. त्यांनी मुलगा पाहिला होता, आणि एक पुस्तक दिले होते. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांच्या आरंभी तेवढे जरी आम्हांस साधले, तरी हा महोत्सव सार्थकी लागला असे आम्ही मानू.